पत्रात पाणी नाही

देवास, शुक्रवार, २ ऑगस्ट २०२४

मयुरेशा, आधी तुझ्या अक्काचा आशीर्वाद घे, मग जेवलास का ते सांग, आणि मग पुढचं वाच.

तुझं तिसरं पत्र आलं. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची रुची आहे ना, तिनं ते मोबाइलवरून दुकानात नेऊन मोठ्या अक्षरात छापून आणलं, सोबत त्या माशाचा रंगीत फोटो. मला इतका आनंद झाला की दूध उतू गेलं आणि मी बघत बसले. दोन वर्षं तुझा कागद नाही, आणि आता महिन्याभरात तीन. फोनवर बोलू म्हणतोस, पण माझ्या कानाचं तुला ठाऊक आहे. फोन लावला की आत पिठाची चक्की चालते. कागद बरा. तो पुन्हा पुन्हा वाचता येतो आणि मध्येच कटत नाही.

ते बोनेर बेट नकाशात रुचीनं दाखवलं. राईएवढं आहे. एवढ्याशा जागेत तुला राहायला खोली कशी मिळाली कोण जाणे.

तर ही तुझी हिरवी बाम. बाम म्हणजे सापासारखा लांब मासा, एवढं मला आपल्या दूधवाल्या फत्तेसिंगनं सांगितलं. तो निसरपूरकडचा. नर्मदेतसुद्धा असते म्हणाला. मी त्याला पुढे काही विचारलं नाही, दूध घेतलं आणि दार लावलं. तुझी बाम माणसाएवढी लांब होते, आणि ती खरी हिरवी नसतेच, कातडी करडी-निळसर आणि वरून पिवळा चिकट लेप, म्हणून हिरवी दिसते, हे वाचून मला धारची यमुनाबाई आठवली. ती पावडरीवर हळद चोपडून लग्नाला यायची. पण जाऊ दे, ती आता नाही. तोंड उघडून बसते ती रागानं नाही, श्वास घेते, असं लिहिलंस. असेल. मी मात्र तिच्याकडे पाठ करून पोळ्या लाटत नाही. फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

आता कामाचं. हे पत्र लिहितं कोण?

तू हिंदी शाळेतला. दहावीत असताना तुला आरतीचं पुस्तक दिलं तर तिसऱ्या ओळीला दमलास आणि म्हणालास, "अक्का, तू म्हण, मी टाळ्या वाजवतो." माझं अक्षर तर तुझ्या आईलाही लागत नाही. मेधा इंदूरची, तीही हिंदी शाळेचीच. आणि तुझ्या पत्रात काय, तर 'औषधात हयगय नसावी'. हयगय! हा शब्द तुझ्या तोंडात कोणी घातला? कोणी मराठी मुलगी असेल तर सांगून टाक. मी रागावणार नाही. कुठली, कोणाची, आणि भाजीत मीठ आधी घालते की नंतर, एवढंच विचारीन.

डिसेंबरात सुट्टी मिळते आहे, पण धारच्या दारात पाऊल ठेवायचं नाही म्हणून येतच नाही, हे वाचून मात्र जेवण गेलं नाही. मी शहात्तर वर्षांची आहे. डिसेंबर किती उरलेत त्याचा हिशेब तूच कर. तुझ्या बाबांना, उमाशंकरला, मी या पत्रांचं काही बोललेले नाही. पिथमपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून तू लोकांना समुद्रात बुडी मारायला नेतोस हे कळलं, "पाण्यात गेलास तर मला फोन करू नकोस" म्हणाला, आणि त्या दिवसापासून उमाशंकरनं तुझं नाव घेतलेलं नाही. महिन्यातून दोन रविवार धारहून येतो. येतो आणि मला स्वयंपाकघरातून उठवून स्वतः खिचडी करतो. तांदूळ कच्चे, डाळीची राख. मी गिळते, पोरगा आहे. हट्टी तर इतका, की एकदा बोलला की गाढवाच्या पाठीवर घातलं तरी उतरणार नाही.

आणि हे फक्त तुला. न्हाणीघराची कडी अडकते. परवा अर्धा तास आत होते. कोणाला सांगितलेलं नाही, नाहीतर मला इथून हलवतील.

तुझी अक्का

देवास, सोमवार, १२ ऑगस्ट

मयुरेशा, तुला आणि तुझ्या त्या 'ओळखीच्यांना' आशीर्वाद.

मुलगी नाही म्हणतोस. 'एक ओळखीचे आहेत, ते वाचून दाखवतात, मी सांगतो ते लिहून घेतात.' ठीक. पण ते बोनेरवर काय करतात, कुठल्या गावचे, यावर एक शब्द नाही. मी चौथीपर्यंत शिकले, पण चौथीतही कोणी काय लपवतंय ते कळायचं. आणि खाली काय लिहिलंस? 'खिचडीतले तांदूळ कच्चे नसतात, मोकळे असतात.' अरे, दोन वर्षं बापाशी बोलत नाहीस आणि त्याच्या खिचडीची बाजू घेतोस? की तिथं खायला मिळत नाही म्हणून तीही गोड लागायला लागली? खरं सांग.

साखळी बाम फार आवडली. काळ्या अंगावर पिवळ्या साखळ्या, अगदी माझ्या सासूबाईंची मोहनमाळ. खेकडे खाते, म्हणून दात बोथट, हे बरं झालं. शुक्रवारी नागपंचमी होती. पाटावर गंधानं नाग काढले आणि मनात आलं, हिचाही फोटो शेजारी ठेवावा. मग म्हटलं नको. नागाला आपण भाऊ म्हणतो, लाह्या-दूध देतो. ही कोणाची कोण, ओळख ना पाळख. दाखवायला साखळ्या आणि आत काय ते देव जाणे. उचलून पुन्हा कपाटात लावली.

पण बाळा, एक गोष्ट मला खुपते आहे. तुझी चारही पत्रं काढून मी ओळीनं वाचली. बामेचा रंग आहे, दात आहेत, ती काय खाते ते आहे. पत्रात पाणी नाही. तू कुठे होतास, किती आत गेलास, भिजलास का, कधीच नाही. जणू बाम बाजारात टोपलीत ठेवली होती आणि तू येता जाता बघितलीस. तू खरंच पाण्यात उतरतोस ना? की कुठल्या हॉटेलात बशा विसळतोस आणि हे फोटो दुसऱ्याचे आहेत? असलं तरी चालेल. बशा विसळणं वाईट नाही. पण खोटं नको.

आणखी एक. काल रविवारी उमाशंकर आला. पिशवीतून काय काढलं? नवी कडी, चार स्क्रू आणि पेचकस. मी न्हाणीघराचं अक्षर काढलेलं नाही. विचारलं, कसं कळलं रे, तर म्हणाला, "जुनी झाली होती, दिसत होतं." गेली सहा वर्षं त्याला दिसली नव्हती. मला रुचीचा संशय आहे. माझं पत्र तिच्या हातातून जातं. तीच धारला चुगली करत असणार. वरून गोड आहे पोर, पण गोडाचंच जास्त बघावं लागतं.

तुझी अक्का

देवास, गुरुवार, २९ ऑगस्ट

मयुरेशा, आशीर्वाद. पाय दुखतात, बाकी मजेत.

रुचीची मी परीक्षा घेतली. एका कागदावर लिहिलं, 'रुचीच्या नाकावर माशी बसली आहे', आणि तो तिच्यापुढे धरून म्हटलं, वाच बरं. तिनं अडखळत सगळं वाचलं आणि नाकाला हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, "दादीजी, आपकी मराठी मुझे समझ में नहीं आती, मैं तो बस फोटो खींचकर मयुरेश भिया को भेज देती हूँ." म्हणजे ती सुटली. उगाच पोरीवर आळ घेतला. रव्याचा लाडू दिला तिला. का दिला ते सांगितलं नाही.

मग कडी कोणी सांगितली? मेधा तर महिना झाला इकडे आलीच नाही. मी विचार करते आहे. तू नको करूस, तुझं काम बघ. जे काही काम असेल ते. कारण मी विचारलेल्याचं उत्तर याही पत्रात नाही. 'पाण्यात उतरतोस का' याच्यावर तू मला वाळूतल्या बामी सांगितल्यास. शेकडो बामी वाळूत शेपूट रोवून उभ्या, एकाच दिशेला तोंड, वाहत येईल ते खातात, आणि कोणी जवळ आलं की सगळ्या सरसर आत, वाळू पुन्हा सपाट. फोटो बघून मी म्हटलं, ही तर लसणाची पात. पण वाहत येतं म्हणतोस ते कशातून वाहत येतं रे? तो शब्द तेवढा वगळलास. तुझे ते ओळखीचे आणि तू, दोघंही या बामींसारखेच. मी जवळ आले की आत.

सोनशेपटी बामेचाही फोटो मिळाला. ती लहान आहे आणि चेहरा प्रामाणिक वाटतो. शेपटीच्या टोकाला तेवढं सोनं. तिला देवघराशेजारी जागा दिली.

बाकी, हे फक्त तुला. मला मांडूची इमली खावीशी वाटते. त्या मोठ्या पोटाच्या झाडाची, गोरखचिंच म्हणतात ती, जाड सालीची, आत पांढरा गर असलेली. लग्नाआधी खायची मी. इथं कुठे मिळत नाही आणि मी कोणापाशी बोलणारही नाही. या वयात डोहाळे लागले म्हणून हसतील.

तुझी अक्का

देवास, बुधवार, २५ सप्टेंबर

मयुरेशा, बाळा, आशीर्वाद. हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्यानं आधी घसा साफ करून घ्यावा आणि मधलं काही गाळू नये. गाळायची त्याला सवय आहे.

तुझे ओळखीचे कोण ते मला कळलं. पंधरा तारखेला, रविवारी, उमाशंकरनं माझ्यापुढे इमली ठेवली. दोन मोठी फळं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. "वाटेत मिळाली," म्हणाला. धारहून देवासला येताना मांडू वाटेत लागत नाही, हे चौथीपर्यंत शिकलेल्या बाईलाही कळतं. मी फळ फोडलं, त्यालाही दिलं. आंबट होती, पण मी इतकी खूश होते की तीन तुकडे खाल्ले. इमलीचं मी तुझ्याशिवाय कोणालाच लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं तेच मुळी बघायला.

म्हणजे असं. रुची माझ्या पत्राचा फोटो तुला पाठवते. तुला ते लागत नाही, म्हणून तू तो बापाला पाठवतोस. तो ते वाचून तुला ऐकवतो, तू सांगतोस ते छापतो आणि तुला पाठवतो. तिथून ते रुचीकडे. सातासमुद्रापलीकडे जाऊन धारचंच पत्र देवासला येतं. आणि या कामापलीकडे तुम्ही दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नसाल, हेही मी सांगू शकते. दोघांनाही मीच न्हाऊमाखू घातलंय. खिचडीबद्दल लिहिलं ते मात्र मी मागे घेणार नाही.

पत्रात पाणी का नाही तेही कळलं. तू सांगत असशील, एवढं खाली गेलो, तेवढं खाली गेलो. त्याच्या बोटांना ते छापवत नाही. हा माणूस सोमवतीला क्षिप्रेवर गेला तर वरच्या पायरीवर बसून तांब्यानं अंगावर घेतो. तुला वाटत असेल, बाप नोकरीसाठी रागावला. नाही रे.

देवघराशेजारी मुलाचा फोटो आहे, तो तुझा काका गणपत. गणू. बारा वर्षांचा असताना तापानं गेला, असं आम्ही तुला सांगितलं. मग त्याचं श्राद्ध चतुर्दशीला का करतात, हे तू कधी विचारलं नाहीस. घातानं गेलेल्यांचं त्या दिवशी करतात. तो नर्मदेत गेला. निसरपूरजवळच्या घाटावर, त्र्याऐंशी सालच्या संक्रांतीला. आता धरणामुळे तो घाटही पाण्याखाली आहे, फत्तेसिंग सांगतो. मी ऐकून घेते.

पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आजोबांनाही नाही, आणि ते मला न विचारता गेले.

घाटावर मी, उमाशंकर आणि गणू. हे नारळ घ्यायला वर गेले होते. मला घरी न्यायला कलशभर पाणी हवं होतं. काठाशी गर्दीनं गढूळ झालेलं. उमाशंकर पंधरा वर्षांचा, पोहता येणारा. तो उठला होता. मीच म्हटलं, "तू सामानापाशी बस, उठू नकोस, पिशवी जाईल. गणू आणेल." आणि गणूला म्हटलं, "जरा आतलं आण, इथलं घाण आहे." तो आत गेला. मग आणखी एक पाऊल गेला. कलश वर आला, तो नाही आला. उमाशंकर धावला, तीनदा आत गेला, लोकांनी ओढून काढला.

हे धावत खाली आले आणि त्यांनी पहिला प्रश्न त्याला केला, "तू कुठे होतास?" तो म्हणाला, "सामानापाशी." यांनी त्याच्या तोंडात मारली. मी तिथंच उभी होते. मी म्हणू शकले असते, मी बसवलं त्याला. म्हटलं नाही. त्या दिवशी नाही, तेराव्याला नाही, आणि मग दिवस जात गेले तसं ते म्हणणं जडच होत गेलं. एक्केचाळीस वर्षं तो समजतो की मी त्याला दोष देते, म्हणून गणूचं नाव काढत नाही. मी नाव काढत नाही कारण दोष माझा आहे. तो आईचं ऐकून बसला होता. ऐकणाऱ्या मुलाचं काय चुकतं?

तोंडावर मला हे सांगता आलं नसतं. तो म्हणाला असता, अक्का, राहू दे, आणि मी राहू दिलं असतं. आता त्याला मोठ्यानं वाचावं लागतंय आणि मी समोर नाही. तुझ्या मराठीचा एवढा उपयोग झाला म्हणायचा.

मंगळवारी चतुर्दशी आहे. तुझ्या मास्तर बापाच्या शाळेला सुट्टी नाही. वाचणाऱ्यानं काय करायचं ते त्यानं ठरवावं. पाटपाणी मी दोघांचं मांडीन.

तुझी, आणि त्याचीही, अक्का

देवास, बुधवार, २ ऑक्टोबर

मयुरेशा, हे पत्र बापाकडे पाठवू नकोस. मी अक्षरं सुटी सुटी आणि मोठी काढली आहेत. एक एक लाव, दोन दिवस लागले तरी चालतील, पण तूच वाच. काल फोनवर तुला आवाज ऐकू आला. दिसलं काही नाही. ते मी सांगते.

तो सकाळी सातला आला. रजा टाकून, पहिल्या बसनं. मला वाटलं होतं काही बोलेल. तो भटजी येईपर्यंत नारळ सोलत बसला. पिंड ठेवायच्या वेळी मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर त्यानंच सांगितलं, मोठ्यानं. या घरात ते नाव इतक्या मोठ्यानं मी फार वर्षांनी ऐकलं. जेवताना त्यानं आमटी दोनदा मागितली. मीठ जास्त पडलं होतं, तरी मागितली. मी त्याच्याकडे संशयानं बघत होते, की आता निघून जातो, आता जातो. तो दुपारी झोपलासुद्धा.

दिवे लागायच्या वेळी, म्हणजे तुझ्याकडे सकाळ, त्यानं मोबाइल काढून ओट्यावर ठेवला आणि तुला लावला. तू "हाँ, बाबा, अक्का का लेटर आया क्या?" म्हणालास. तो म्हणाला, "नाही. पत्र नाही." आणि फोन जवळ ओढला. मग त्यानं विचारलं, "तू किती खोल जातोस?"

तुझं उत्तर मला लागलं नाही. त्यानं माझ्याकडे वळून सांगितलं, "अठरा मीटर म्हणतो." गणिताचा मास्तर तो, लगेच छताकडे बघितलं आणि म्हणाला, "सहा मजले." मग तू बराच वेळ काही सांगत होतास. तो ऐकत होता आणि मला तुकडे देत होता. पाठीवर हवा असते म्हणतो. काटा असतो, हवा किती उरली ते दाखवतो. काल एक ठिपक्यांची सापासारखी बाम दिवसाढवळ्या वाळूवरून चालली होती, तिच्यामागे हा तिथंच, पाण्यात, अर्धा तास होता. 'पाण्यात' म्हणाला हं तो. मी मुद्दाम बघितलं. ओठ कोरडे पडले होते, पण म्हणाला.

मग विचारलं, "सोबत कोण असतं?" तू म्हणालास, जोडी असते, एकटं कोणी उतरत नाही. त्यावर तो जे बोलला ते तू ऐकलंस, पण तेव्हा तो कसा दिसत होता ते सांगते. पंधरा वर्षांचा दिसत होता.

"जोडीदाराला सोडून वर यायचं नाही," म्हणाला. "कोणी काहीही सांगितलं तरी."

तू "हो बाबा" म्हणालास. ते मला माझ्या कानांनी ऐकू आलं.

डिसेंबरात आधी धारला उतरायचं, मग तिघांनी देवासला यायचं, असं तुमचं ठरलं ते त्यानं मला नंतर सांगितलं. मी म्हटलं, बघू, विमानात बसलास की खरं मानीन. आनंद फार झाला, पण खात्री करून घेतलेली बरी.

फोन ठेवल्यावर तो उठला नाही. मी चहा ठेवला. तो म्हणाला, "अक्का, एक विचारायचं राहिलं. तिथलं पाणी गार असतं का?"

म्हटलं, उद्या विचार, पोराला कामाला जायचं असेल.

"नाही, आत्ताच विचारतो," म्हणाला, आणि त्यानं पुन्हा फोन लावला.

अक्का